चिकणमातीला सुकू द्यायचं की नाही? हाताने ओळखायची रीत

गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याने टेक्सासहून एक फोटो पाठवला. वेको शहराबाहेरच्या एका शेतात जमिनीला पडलेली भेग आणि तिच्यात सोडलेली पोलादी टेप. टेप अडीच फुटांवर जाऊन टेकली होती. खाली लिहिलं होतं, "आत्या, हे आपलं मंगळवेढ्याचं रान वाटतंय की नाही?" वाटत होतंच. कडेला ज्वारीची धसकटं, वर रवाळ भुसभुशीत थर आणि भेगेच्या आत खोलवर अजून ओलसर असलेला काळा भाग. मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले.

माझं माहेर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं आणि सासर पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीच्या काठी, खाजनात, म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेल्या भातजमिनीत. दोन्हीकडची माती चिकट. पावसात पायाला सारखीच लागते, सुकली की सारखीच दगड होते. पण एकीला उन्हात तापू द्यावं लागतं, आणि दुसरीला तसंच तापू दिलं तर ती पीक जाळते. आपल्या शेतातली चिकणमाती यांतली कुठली, हे नांगर घालण्याआधी कळायला हवं. ते घरच्या घरी कळतं. बरणी, पाण्याची वाटी, सामू (pH, म्हणजे आम्लता) मोजायचा कागद आणि थोडा धीर एवढं पुरतं.

मला हे पीक गमावून कळलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मामंजी आजारी पडले आणि शेताचं बघणं माझ्याकडे आलं. माझे वडील दर उन्हाळ्यात खोल नांगरट करायचे. ढेकळं तापली की पहिल्या पावसात फुलून विरघळतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. म्हणून इथेही एप्रिलमध्ये ट्रॅक्टर बोलावून फूटभर खोल नांगर घातला. सासूबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "ही तुज्या कुळारची माती न्हय गो." कुळार म्हणजे माहेर. मी ऐकलं नाही. खालून निळसर राखाडी चिखल वर आला, कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. पंधरा दिवसांत ढेकळांवर गवताच्या काडीसारखे पिवळट पट्टे उमटले. जूनमध्ये पाणी साठलं तर त्यावर गंजाचा तवंग, आणि लावणीनंतर आठवड्याभरात रोपांचे शेंडे करपले. एक रोप उपटून पाहिलं, मुळं आखूड आणि तपकिरी. ज्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळू शकला नव्हता तिथलं भात मात्र हिरवंगार. माती तपासून घेतली तेव्हा सामू 3.8 निघाला. भाताला साडेपाचच्या वर हवा असतो.

असं का झालं हे समजायला दोन्ही मातींचा जन्म बघावा लागतो.

चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक. पण सगळी खुबी बारीकपणात नसते, कण कुठल्या खनिजाचा यात असते. काळ्या रानात स्मेक्टाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचा कण म्हणजे पापडांची चळत समजा. पाणी त्या पापडांच्या मधे शिरतं, चळत फुगते. पाणी गेलं की ती मिटते. असे अब्जावधी कण एकदम मिटले की जमीन फाटते, तीच भेग. अशा एक ग्रॅम मातीच्या कणांचा सगळा पृष्ठभाग मांडला तर तो काहीशे चौरस मीटर भरतो, म्हणून ती पाणीही धरते आणि खतही.

आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून आली. टेक्सासची आली समुद्रतळाच्या चुनखडीयुक्त गाळातून, डायनासोरच्या अखेरच्या काळात साचलेल्या. तिथले लोक तिला 'ह्यूस्टन ब्लॅक' म्हणतात. ती टेक्सासची राज्य-माती म्हणून ओळखली जाते आणि सुमारे 6 लाख हेक्टरांवर पसरली आहे. खडक वेगळा, खंड वेगळा, तरी माती जवळजवळ जुळी. कारण हवामानाचा तोल सारखा. दोन्हीकडे चुना भरपूर आणि पाऊस बेताचा. सोलापुराकडे वर्षाला 500 ते 600 मिलिमीटर, वेकोकडे 900 च्या आसपास. एवढा पाऊस खडक कुजवायला पुरतो, पण त्यातलं कॅल्शियम आणि सिलिका धुऊन न्यायला पुरत नाही. ती दोन्ही जागेवर राहिली की स्मेक्टाइट बनतं.

गोव्यात 3000 मिलिमीटर पडतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभं राहून बघा. इथल्या पावसाने कॅल्शियम धुतलं, सिलिकाही पुष्कळ धुतली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. तोच आपला जांभा. त्यावरच्या तांबड्या मातीत चिकण कण पुष्कळ असतात, पण ते केओलिनाइटचे. त्यांच्या पापडांची जोडणी घट्ट, पाणी मधे शिरत नाही. म्हणून भरडावरची, म्हणजे उंचावरच्या जमिनीची, तांबडी माती हाताला चिकटते, पण फुगतही नाही आणि फाटतही नाही.

काळ्या रानाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा वरची रवाळ माती त्यांत ओघळते. पाऊस आला की खालचा भाग फुगतो, पण मधे जास्तीची माती येऊन बसलेली, मग जागा पुरत नाही. माती बाजूला आणि वर रेटली जाते. खोल खड्डा घेतला तर तिरके, चकचकीत, घासून गुळगुळीत झालेले पृष्ठ दिसतात. मातीवर माती घसरल्याच्या खुणा असतात त्या. लहानपणी विहिरीच्या खोदकामात मी ते पाहिले आणि कुणीतरी तेल चोपडलंय असं वाटून बोट फिरवलं होतं. टेक्सासमध्ये न नांगरलेल्या गवताळ रानात या रेट्याने उंचसखल खळगे तयार झाले. त्यांना तिथे डुकरांच्या लोळण्याचे खळगे म्हणत. उंच गवताच्या मुळांनी शेकडो पिढ्या कुजून त्या मातीला काळेपणा दिला, आणि भेगांनी तो खोलवर पोचवला. ते मूळचं गवताळ रान आता एक टक्काही उरलेलं नाही. सगळं कापूस, ज्वारी, मका आणि गव्हाखाली गेलं.

खाजनाची माती यांतल्या कुणाचीच बहीण नाही. नदीने आणलेला गाळ भरतीच्या खाऱ्या पाण्याला भेटला की त्याचे कण गोळा होऊन तळाशी बसतात. तिथे खारफुटी वाढली, पाला कुजला, हवा पोचेना. समुद्राच्या पाण्यात सल्फेट, गाळात लोह. हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी त्यातून पायराइट केलं, लोह आणि गंधकाचं खनिज. पाण्याखाली ते शेकडो वर्षं गुपचूप पडून राहतं. हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं. माझ्या नांगराने तेच केलं होतं. पूर्वजांनी बांध घालून, मानशी (भरती-ओहोटीचं पाणी अडवायची-सोडायची दारं) बसवून ही जमीन खाडीकडून मागून घेतली, पण तिला कोरडी कधी केली नाही.

आता रीत.

सुरुवात खड्ड्याने. काळ्या रानात एप्रिल-मे बरा, भेगा बोलक्या असतात. खाजनात भात कापल्यावर, नोव्हेंबरात. बांधापासून दूर, झाडाखाली नाही, शेणखताच्या ढिगाजवळ नाही. काळ्यात दोन-अडीच फूट जा. खाजनात दीड फुटाच्या आसपास पाणी लागतं, तेवढं पुरे, आणि बघून झालं की तोच थर त्याच क्रमाने परत घाला. खड्ड्याची एक भिंत सुरीने खरवडून ताजी करा. फावड्याने लिंपलेली भिंत काहीच सांगत नाही. रंग बघा, आणि नाक लावा. पांढरे खडे दिसले तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले की चुनखडी. काळ्या रानात ते बहुतेक येतातच, सड्यावरच्या मातीत येत नाहीत. खाजनात आले तर शिंपल्याचा तुकडा असेल, नीट बघा, फसू नका. भेगेच्या भिंतीवर गंजाचे डाग, खाली निळसर राखाडी थर आणि एप्रिलमध्ये वर मिठाची पांढरी साय, हे सगळं एकत्र दिसलं तर ती खाडीची माती. नुसत्या भेगांवरून ठरवू नका, खाजनही फाटतं.

मग फीत. मूठभर मातीतले खडे आणि मुळं काढा, थेंब थेंब पाणी घालत दोन मिनिटं कणकेसारखी मळा. हाताला चिकटायची थांबली की पाणी बरोबर झालं. लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पुढे सरकवत चपटी पट्टी काढा, स्वतःच्या वजनाने तुटेपर्यंत. इंचाच्या आत तुटली तर चिकण कण कमी. दोन इंचांच्या पुढे गेली तर भारी जमीन. मळताना कानाजवळ धरा. वाळू करकरते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड गाळ) मैद्यासारखा सरकतो, चिकणमाती गप्प असते आणि बोटाला चमक देते. मी हे माझ्या नातीला शिकवलं तेव्हा तिने पहिल्याच दिवशी भरडाची आणि खाजनाची माती डोळे मिटून ओळखली.

बरणीचा प्रयोग सगळेच सांगतात: तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर, पाच मिनिटं हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकण कण दिवस-दोन दिवस तरंगतात. थर मोजा. पण खाजनाची माती इथे खोटं बोलते. तिच्यात मीठ असतं, आणि मिठाने चिकण कण झुपके करून झटक्यात खाली बसतात. पाणी तासाभरात नितळ, आणि तुम्हाला वाटतं चिकणमाती नाहीच. म्हणून तिला आधी पावसाच्या पाण्याने धुवा. ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं पाणी ओतायचं. असं तीन वेळा केलं की चौथ्या वेळी ती खरी बोलते.

त्याहून सोपा आणि मला सगळ्यात आवडणारा प्रयोग वाटीचा. मटाराएवढा सुका खडा घ्या, वाटीतल्या पावसाच्या पाण्यात हळूच सोडा, हलवू नका. दोन तास बघत राहा, जमलं तर पुढे दिवसभर. खडा ढासळला पण भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं तर चिंता नाही. खड्याभोवती दुधासारखं वलय पसरू लागलं तर कणांवर सोडियम चढलंय. अशी जमीन पावसात लापशी होते, सुकली की वर कडक पापुद्रा धरते, घाटावर तिला चोपण म्हणतात. तिथे कॅल्शियम द्यावं लागतं. जिप्सम की चुना, हे सामूवर ठरतं: सामू चढलेला असेल तर जिप्सम, साडेपाचच्या खाली असेल तर चुना. किती, ते प्रयोगशाळेच्या आकड्याशिवाय ठरवू नका.

फुगण्या-मिटण्याचं माप हवं असेल तर प्लॅस्टिकची पाण्याची नळी उभी चिरून 10 सेंटिमीटरची पन्हळ करा. आतून खोबरेल लावा, श्रीखंडाइतकी सैल मळलेली माती भरा, सावलीत सुकवा. माहेराहून पिशवीत आणलेली माती सुकून साडेआठ सेंटिमीटर झाली. भरडाची तांबडी साडेनऊच्या वर राहिली. खाजनाची नऊच्या आसपास. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंती का तडकतात, हे त्या पन्हळीकडे बघून कळतं. टेक्सासमध्ये घराच्या पायाची हीच रड आहे, भाचा सांगतो.

खाडीकाठी शेत असेल तर एक प्रयोग मात्र टाळू नका. खालच्या निळसर थरातली माती बशीत बोटाच्या जाडीने पसरा, सामू कागदाने सामू बघून तारखेसह लिहून ठेवा. बशी उघडी ठेवा, रोज पाणी शिंपडून ओलसर राखा. चिखल नको, कोरडीही नको. चार ते आठ आठवड्यांत पुन्हा सामू बघा. माझ्याकडे साडेसहाचा चारच्या खाली आला. एवढा उतरला तर त्या थराला हवा दाखवायची नाही, विषय संपला.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना शेतात वाकडंतिकडं चालत आठ-दहा ठिकाणी विळ्याने व्ही आकाराचा खड्डा करा, कडेची वीतभर खोलीची एक चकती घ्या, सगळं घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. विभागीय कृषी कार्यालयात चौकशी केली की नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. ओल्ड गोव्यात एला इथे आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, संस्थाही आहे. खाजनाचा नमुना असं पिशवीवर ठळक लिहा आणि क्षारता मागून घ्या. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मीटरला 4 डेसिसिमेन्सच्या वर गेली की जमीन खारी धरतात. भाताला तीनपासूनच त्रास सुरू होतो.

काळी माती निघाली तर तिला वाफसा सांभाळून हात लावा. वाफसा म्हणजे ना ओली ना सुकी. मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरली तर औत घाला. गोळा तसाच राहिला तर घरी जा. ओल्यात एक पाळी घातली तरी वर्षभर ढेकळं फोडत बसावं लागतं, आणि वाफसा दोन-चार दिवसच टिकतो. उन्हाळ्यात भेगा पडू द्या, त्या बुजवायला जाऊ नका. पहिला पाऊस त्यांतूनच खोल उतरतो. पुढे पीक उभं असताना मात्र कोळपून वरची माती मोकळी ठेवा, नाहीतर त्याच भेगांनी ओल उडते. मंगळवेढ्याची मालदांडी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की पाऊस नसतानाही उभी राहते, ती जमिनीत साठलेल्या या ओलीवर.

खाजन निघालं तर उलटं. नांगरट चार-पाच इंचांच्या खाली नाही, आणि तीही पाणी आल्यावर. उन्हाळ्यात शेत अगदी कोरडं पडू देऊ नका, खालचा निळा थर ओला राहायला हवा. त्यासाठी मानस आणि बांध हातात हवेत, आणि ते एकट्याच्या हातात नसतात. आमच्याकडे एक वर्ष मानशीच्या मासेमारीचा लिलाव घेतलेल्या माणसाने कोळंबीसाठी नको त्या वेळी खारं पाणी आत घेतलं, आणि वीस घरांचं भात पिवळं पडलं. तेव्हापासून जूनमध्ये मानशीवर आमच्यातलं कुणीतरी बसतं.

बांधही याच मातीचा. मे महिन्यात त्यावरून चालत जा, हातात बारीक बांबूची काडी ठेवा. भेगेत काडी वीतभर गेली तर ती भेग ओल्या चिखलाने आणि पेंढ्याने त्याच आठवड्यात ठासून भरा. खेकड्यांची बिळं बाहेरच्या बाजूने शोधा. बांध वरून वाहत नाही, बिळातून फुटतो.

जूनचे पहिले पाऊस हे तुमचं औषध. पाणी दोन-तीन दिवस उभं ठेवायचं, म्हणजे मीठ त्यात उतरतं, मग ओहोटीला मानस उघडून सोडून द्यायचं आणि भरतीआधी बंद करायची. मी तीनदा करते. घरी पाण्याच्या फिल्टरसाठी घेतलेला टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा, शेतातही चालतो. माझ्या मीटरवर आकडा हजाराच्या खाली आल्याशिवाय मी मोड काढलेलं बी टाकत नाही. सासूबाई बोट बुडवून जिभेला लावायच्या, आणि त्यांचा अंदाज माझ्या मीटरपेक्षा फारसा वेगळा नसायचा. खोलगट, खाऱ्या पट्ट्यात कोरगुट हे मीठ सोसणारं भात पेरते. वरच्या बाजूला, जिथे मीठ लवकर धुतलं जातं, तिथे ज्योती जातीचं भात. गोवा धान 1 हे वाण मागच्या दोन वर्षांपासून मधल्या पट्ट्यात लावते आहे, दाण्याला कुसळ नसल्याने मळणीला हलकं जातं की नाही हे अजून शेजारच्या कोरगुटाशी ताडून बघते आहे.

भाच्याला मी पत्र्याच्या डब्यातून खाजनाची माती पाठवणार होते, पण माती विमानाने परदेशात अशी पाठवता येत नाही. म्हणून त्या तीन पन्हळींचा फोटो काढून पाठवला, शेजारी पट्टी ठेवून. त्याने तिथे आपलीही एक भरून ठेवली आहे. कितीची झाली ते पुढच्या रविवारी सांगणार आहे.